तिलारी खोऱ्यातील ओढे आणि ई-डीएनए: एका सर्वेक्षणाचा अनुभव

नदीतील एकही मासा न पकडता तिच्यात कोणते मासे राहतात हे सांगता येणे, हा आता प्रयोगशाळेपुरता कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. दोडामार्ग तालुक्यात तिलारी नदीला मिळणाऱ्या ओढ्यांमधील मासे आणि पाणमांजरे यांची नोंद घेण्यासाठी आम्ही काही जणांनी पर्यावरणीय डीएनएचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ई-डीएनएचा, आधार घेतला. पाणी गाळण्याचे काम आमच्या हातात लवकर बसले. खरा वेळ गेला तो गाळणीवर अडकलेल्या डीएनएचा धनी कोण हे ठरवण्यात, आणि त्या कामात प्रयोगशाळेइतकाच ओढ्याकाठच्या माणसांचा वाटा होता. अशा प्रकारचे सर्वेक्षण आपल्या भागात करू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ही प्रक्रिया जशी घडली तशी येथे लिहीत आहे.

मागची कल्पना साधी आहे. पाण्यात राहणारा किंवा पाण्यावर येणारा प्रत्येक प्राणी त्वचेच्या पेशी, अंगावरचा बुळबुळीत स्राव, विष्ठा, मूत्र, अंडी अशा रूपांत आपला डीएनए पाण्यात सोडत असतो. ते पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या फिल्टरमधून गाळले, त्यावर अडकलेला डीएनए वेगळा काढला, त्यातील ठरावीक तुकड्याच्या पीसीआर या प्रयोगशाळेतील प्रक्रियेने असंख्य प्रती केल्या आणि त्यांचा अनुक्रम, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, ज्ञात प्रजातींच्या अनुक्रमांशी जुळवून पाहिला, की यादी तयार होते. २००८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी तळ्यांच्या पाण्यातून अमेरिकन बुलफ्रॉग या घुसखोर बेडकाचा माग याच पद्धतीने काढला, आणि इंग्लंडमध्ये २०१४ पासून ग्रेट क्रेस्टेड न्यूट या संरक्षित उभयचराच्या सर्वेक्षणासाठी तळ्याच्या पाण्यातील डीएनएचा पुरावा शासकीय पातळीवर ग्राह्य धरला जाऊ लागला. भारतातही हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या लॅकोन्स प्रयोगशाळेने चिलिका सरोवराच्या पाण्यावर असे काम केलेले आहे.

तिलारी खोरे निवडण्यामागे एक खंत होती. २००२ पासून कर्नाटकातून सिंधुदुर्गात उतरू लागलेले हत्ती आणि गोवा व कर्नाटकाच्या जंगलांतून ये-जा करणारे वाघ यांमुळे या परिसराकडे लक्ष वळले, आणि २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. हे योग्यच झाले. परंतु त्याच जंगलातून वाहणाऱ्या व्हाळांमध्ये, म्हणजे ओढ्यांमध्ये, काय जगते याची पद्धतशीर नोंद फारच तुटपुंजी आहे. कॅमेरा ट्रॅप पाण्याखालचे दाखवत नाही. उतारावरच्या खडकाळ ओढ्यात जाळे नीट बसत नाही, आणि सह्याद्रीतील अनेक मासे इतक्या मर्यादित जागेत राहतात की सर्वेक्षणासाठी ते मारणे मनाला पटत नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाजवळ सापडून २०२० मध्ये वर्णन झालेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या इवल्याशा माशाचे उदाहरण आमच्या सतत डोळ्यांसमोर होते. त्याच्यासाठी २०२१ मध्ये राज्य शासनाने २.११ हेक्टरचे जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केले. ज्याचे जग एवढेसे आहे, त्याच्यासाठी पाण्याची बाटली हे जाळ्यापेक्षा कितीतरी सौम्य साधन आहे.

परवानग्यांबद्दल थोडक्यात सांगते. राखीव क्षेत्रातून नुसते पाणी न्यायचे असले तरी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार नमुने परदेशी पाठवण्यावर निर्बंध आहेत, म्हणून सर्व विश्लेषण देशातच होईल अशी व्यवस्था आम्ही आधीच केली. गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना भेटून काम समजावून सांगितले. या भेटी औपचारिकता म्हणून उरकल्या असत्या तर पुढचे अर्धे काम झालेच नसते, असे मी आज खात्रीने म्हणू शकते.

हंगाम कोणता निवडावा यावर आमची बरीच चर्चा झाली. जून ते सप्टेंबर या काळात जांभ्याची माती घेऊन येणारे लाल पाणी फिल्टरची छिद्रे पाहता पाहता बुजवते. शिवाय पाण्याचा लोंढा इतका मोठा असतो की डीएनए विरळ होऊन दूर वाहून जातो. उलट एप्रिल-मे मध्ये ओढे तुटून फक्त कोंड, म्हणजे साठलेल्या पाण्याचे डोह, उरतात, त्यांत मासे दाटीने राहतात आणि डीएनए भरपूर मिळतो, पण एका कोंडीचे पाणी दुसऱ्या कोंडीबद्दल काही सांगत नाही. त्यातच उष्णता, ऊन आणि जिवाणू यांमुळे पाण्यातील डीएनए काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, नष्ट होतो. आम्ही पाऊस ओसरून पाणी निवळल्यानंतरचा काळ मुख्य ठरवला आणि उन्हाळ्यात केवळ कोंडींची फेरी जोडली. दरवर्षी तुलना करायची असेल तर ठिकाणाइतकाच हंगामही तोच राहणे आवश्यक आहे.

प्रत्यक्ष नमुने घेताना खालून वर जायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला, कारण वरच्या ठिकाणी पाण्यात पाय पडला तर त्याचे अंश खालच्या नमुन्यात येतात. प्रत्येक ठिकाणी नवे हातमोजे घालायचे, काठावरून लांब दांड्याने पाणी घ्यायचे आणि एका ठिकाणचे किमान तीन स्वतंत्र नमुने ठेवायचे. प्रत्येक नमुन्यासाठी सुमारे एक लिटर पाणी मोठ्या सिरिंजने ०.४५ मायक्रॉनच्या बंद फिल्टरमधून ढकलायचे. रबर आणि अननसाच्या लागवडीखालून येणाऱ्या ओढ्यांमध्ये गाळ जास्त असल्यामुळे तेथे एक लिटर पाणी गाळणे अनेकदा शक्य होत नसे. तेव्हा जेवढे गाळले तेवढ्याचे माप लिहून ठेवायचे. घाटातून प्रयोगशाळेपर्यंत बर्फ टिकेल याची शाश्वती नव्हती, म्हणून फिल्टरमध्ये लगेच डीएनए टिकवणारे बफर द्रावण भरत असू. त्यामुळे थंड पेटीवरचे अवलंबन संपले, आणि दुर्गम भागासाठी ही सोय मला फार मोलाची वाटते.

या सगळ्यात ज्या नमुन्याबद्दल गावकऱ्यांना सर्वांत जास्त नवल वाटे, तो म्हणजे कोरा नमुना. घरून आणलेले शुद्ध पाणी ओढ्याकाठी उघडायचे, तेही त्याच पद्धतीने गाळायचे आणि बाकीच्या नमुन्यांबरोबर प्रयोगशाळेत पाठवायचे. त्या पाण्यात माशाचा डीएनए निघाला, तर तो आपल्या हातांतून, साधनांतून किंवा प्रयोगशाळेतून आला, हे कळते. डीएनए वेगळा काढताना एक कोरा नमुना आणि पीसीआरच्या वेळी आणखी एक, असे कोरे नमुने शेवटपर्यंत सोबत चालतात. ई-डीएनएचा कोणताही अहवाल हाती आला की मी आता आधी कोऱ्या नमुन्यांचे काय झाले ते शोधते. ती माहिती नसेल तर पुढच्या यादीवर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा हे मला समजत नाही.

प्रयोगशाळेतील टप्प्यांविषयी दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या आहेत. कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरणारी ह्युमिक द्रव्ये पीसीआरची प्रक्रिया रोखतात आणि डीएनए असूनही निकाल ‘नाही’ असा येतो. दाट जंगलातील ओढ्यांच्या नमुन्यांत हे वारंवार घडले, तेव्हा डीएनएचे द्रावण दहापट विरळ करून पुन्हा चाचणी घेतली आणि मग प्रती बनू लागल्या. दुसरी गोष्ट प्रायमरची, म्हणजे कोणत्या प्राणिगटाचा कोणता तुकडा उचलायचा हे ठरवणाऱ्या छोट्या डीएनए-खंडांची. माशांसाठी जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेले मायफिश प्रायमर जगभर वापरले जातात. ते मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या घटकाच्या, १२एस जनुकातील सुमारे १७० अक्षरांचा तुकडा उचलतात. तुकडा लहान असल्यामुळे झिजलेल्या डीएनएमध्येही तो शाबूत सापडतो, पण त्याच कारणाने जवळच्या दोन प्रजातींमध्ये तो कधी कधी तंतोतंत सारखाही असतो.

पहिले निकाल आले तेव्हा यादीत बांगडा होता. समुद्रापासून इतक्या आत, डोंगराच्या पायथ्याच्या ओढ्यात! त्याच्याबरोबर पेडवेही होते. सिक्वेन्सिंग, म्हणजे अनुक्रम वाचण्याचे काम, चुकले की काय, असा पहिला विचार आला, परंतु कोरे नमुने स्वच्छ होते आणि हे मासे फक्त वस्तीखालच्या ठिकाणांवरच निघाले होते. बाजारातून आणलेले मासे ओढ्यावर धुतले जातात, वाडीचे सांडपाणीही तेथेच मिळते, आणि त्यांतून आलेला डीएनए आमच्या फिल्टरवर अडकला होता. सस्तन प्राण्यांच्या यादीत याच ठिकाणी गाय, म्हैस, कुत्रा आणि माणूस आघाडीवर होते. म्हणजे पाण्यातील डीएनए हा त्या पाण्याशी ज्याचा ज्याचा संबंध आला त्या सर्वांचा असतो. त्यातून तेथे राहणारा कोण आणि पाहुणा कोण हे वेगळे करण्यासाठी वाडी कोठे आहे, धुण्याची जागा कोणती, म्हशी कोठे बसतात हे नकाशावर असावे लागते. ही माहिती आम्ही त्यानंतरच्या फेरीपासून प्रत्येक ठिकाणासाठी लिहू लागलो.

बांगड्याचे कोडे सुटले, पण त्याहून अवघड प्रश्न पुढे होता. अनुक्रमांचा मोठा भाग ‘कार्प कुळातील एक मासा’ किंवा ‘शिस्टुरा वंशातील एक मासा’ यापुढे सरकत नव्हता. कारण स्पष्ट होते. प्रजातींच्या डीएनए-ओळखीसाठी गेली वीस वर्षे प्रामुख्याने सीओआय हे जनुक वापरले गेले, त्यामुळे सह्याद्रीतील अनेक माशांचे सीओआय अनुक्रम उपलब्ध आहेत. १२एसचे मात्र त्या मानाने थोडे. जुळवायला संदर्भच नसेल तर कितीही महागडे यंत्र प्रजातीचे नाव देऊ शकत नाही. शब्दकोश हाती नसताना परक्या भाषेतील मजकूर स्वच्छ छापून मिळावा, तशी ही स्थिती होती. माझ्या मते आपल्या भागातील ई-डीएनए कामाची सर्वांत मोठी उणीव येथे आहे, आणि ती पैशाने लगेच भरून निघणारी नाही, कारण प्रत्येक मासा नीट ओळखून, त्याचा नमुना जपून, मगच त्याचा अनुक्रम संग्रहात घालावा लागतो.

तेथे चढणीचे मासे कामी आले. पहिल्या जोरदार पावसात नदीतील मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून आणि पाटांतून थेट भातशेतीपर्यंत चढतात, आणि कोकणातील प्रत्येक गाव त्या रात्रींची वाट पाहते. गावकरी आपल्या जेवणासाठी जे मासे धरणार होते, त्यांतील प्रत्येक प्रकारच्या काही माशांचे छायाचित्र, मोजमाप आणि परांचा नखाएवढा तुकडा आम्हाला द्यावा, अशी विनंती आम्ही केली. तुकडे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले जात. मळये, खवळे, ठिगूर, शेंगटी अशी स्थानिक नावे आम्ही प्रत्येक कुपीवर शास्त्रीय नावाच्या आधी लिहिली. ओळख पटवण्यासाठी मत्स्यतज्ज्ञांकडे पाठवलेल्या नमुन्यांत असे दिसून आले की ज्या दोन माशांना आम्ही एकच समजून चाललो असतो, त्यांना एका वाडीतील वयस्कर बायका पूर्वीपासून दोन वेगळ्या नावांनी ओळखतात, आणि डीएनएनेही ते वेगळेच ठरवले. एका ठिकाणी एका आजोबांनी छायाचित्रांच्या पुस्तिकेतील एका माशावर बोट ठेवून सांगितले, “ह्यो मासो आता गावना नाय.” ते वाक्य आम्ही तारीख आणि जागेसह नोंदवून घेतले, कारण पूर्वी कोणता मासा होता हे पाणी सांगू शकत नाही, ते फक्त गेल्या काही दिवसांबद्दल बोलते.

स्थानिक संदर्भसंग्रह तयार झाल्यावर जुनेच अनुक्रम पुन्हा जुळवले आणि यादीचे रूप पालटले. पाणी नवीन आणावे लागले नाही, सिक्वेन्सिंगचा खर्च पुन्हा करावा लागला नाही. जे तुकडे वंशापर्यंत येऊन थांबले होते त्यांतील बऱ्याच तुकड्यांना प्रजातीचे नाव मिळाले. या क्षणी झालेला आनंद मी विसरू शकत नाही.

आता या यादीचा संवर्धनासाठी प्रत्यक्ष उपयोग कसा झाला ते सांगते. तिलारी धरणाच्या खालच्या अंगाला नदीत तिलापियाचा, म्हणजे लोक ज्याला चिलापी म्हणतात त्या आफ्रिकन माशाचा, डीएनए प्रत्येक फेरीत मिळत होता. वाहत्या पाण्यात डीएनए काही किलोमीटरही प्रवास करतो, त्यामुळे हा डीएनए जलाशयातून वाहत आलेला असू शकतो आणि त्या जागी मासा असेलच असे नाही. प्रश्न महत्त्वाचा होता तो उपनद्यांचा, कारण स्थानिक मासे अंडी घालतात ते तेथे. म्हणून संगमाच्या वर, मुख्य नदीचे पाणी पोहोचू शकत नाही अशा जागी, प्रत्येक ओढ्याचे नमुने घेतले. बहुतेक ओढ्यांत चिलापीचा मागमूस नव्हता. एका ओढ्यात मात्र तिन्ही नमुन्यांत तो आढळला. त्या ओढ्याच्या वरच्या बाजूला एक शेततळे होते, ज्याचे पाणी पावसात सांडव्यातून ओढ्यात उतरते. गावातील तरुणांनी लहान जाळे टाकून पाहिले तेव्हा ओढ्यात चिलापीची पिल्ले मिळाली. शेततळ्याच्या मालकांशी समितीने शांतपणे बोलणी केली, त्यांनी सांडव्यावर बारीक जाळी बसवली, आणि वरच्या कोंडींमध्ये कोणतेही मत्स्यबीज सोडायचे नाही यावर ग्रामसभेत चर्चा झाली. ई-डीएनएने येथे कोठे पाहायचे ते दाखवले. खात्री जाळ्याने केली आणि उपाय गावाने शोधला. या पद्धतीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, आणि तीही लहान नाही.

पाणमांजरांच्या बाबतीत अनुभव निराळा आला. नदीकाठच्या खडकांवर खेकड्यांची कवचे आणि माशांची खवले असलेली ताजी विष्ठा दिसत असताना त्याच जागेच्या पाण्यातून पाणमांजराचा डीएनए निघाला नाही, आणि त्यापासून दूर असलेल्या एका लहान कोंडीतून तो निघाला. सस्तन प्राणी माशांच्या मानाने पाण्यात कमी डीएनए सोडतात आणि मोठ्या प्रवाहात तो हरवून जातो. म्हणून निकाल ‘नाही’ आला तर त्याचा अर्थ ‘आढळले नाही’ एवढाच घ्यावा. प्राणी तेथे असताना एका नमुन्यात तो सापडण्याची शक्यता ५० टक्के धरली, तर तीन स्वतंत्र नमुन्यांत मिळून ती ८७.५ टक्के होते आणि पाच नमुन्यांत सुमारे ९७ टक्के. ही शक्यता किती हे न सांगता केवळ ‘येथे पाणमांजर नाही’ असे लिहिणे घातक आहे, विशेषतः एखाद्या बंधाऱ्याच्या किंवा रस्त्याच्या प्रस्तावासोबत जोडल्या जाणाऱ्या अहवालात. पाणमांजरांसाठी आम्ही काठावरचे खडक तपासण्याची जुनी पद्धतच मुख्य ठेवली आहे, आणि डीएनए वापरायचा तो विष्ठेतून, म्हणजे मऊ केसांचे पाणमांजर आणि लहान नख्यांचे पाणमांजर यांतील फरकही कळतो.

महसीरबद्दलही सावधगिरी बाळगावी लागते. डेक्कन महसीरचे पहिले शास्त्रीय वर्णन सायक्स यांनी एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून केले. पुढे लोणावळ्याच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास होऊन पिल्ले देशातील अनेक नद्यांमध्ये सोडली गेली, आणि कावेरीत तेथील मूळच्या कुबडी महसीरवर त्याचे दडपण आले. मायफिशसारखे प्रायमर मायटोकाँड्रियाचा डीएनए वाचतात, आणि तो फक्त आईकडून येतो. त्यामुळे एखाद्या नदीतील महसीर मूळचा आहे, सोडलेला आहे की संकरित आहे, याचे उत्तर या पद्धतीने मिळत नाही. आमच्या एका ठिकाणी महसीरचा अनुक्रम मिळाला तेव्हा आम्ही वंशाचे नाव लिहून थांबलो. त्याचप्रमाणे एखाद्या प्रजातीचे अनुक्रम जास्त आले म्हणून तिचे मासे जास्त, असेही मानले नाही. मासे किती, लहान की मोठे, नर की मादी, हे पाण्यातील डीएनए सांगत नाही.

हे सर्व ‘लोक जैवविविधता नोंदवही’त, म्हणजे गावातील जीवसृष्टीची नोंद ठेवणाऱ्या वहीत, कसे उतरवायचे, यावर समितीच्या सदस्यांबरोबर विचार करून आम्ही प्रत्येक माशापुढे तीन स्वतंत्र रकाने ठेवले: गावकऱ्यांनी पाहिलेला, हातात घेऊन ओळख पटवलेला आणि पाण्यातील डीएनएवरून कळलेला. डीएनएच्या रकान्यात किती नमुन्यांपैकी किती नमुन्यांत आढळला हेही लिहिले जाते. काढलेला डीएनए शीतकपाटात जपून ठेवला आहे आणि अनुक्रमांच्या फायली समितीकडेही दिल्या आहेत, म्हणजे संदर्भसंग्रह वाढेल तसे जुने निकाल पुन्हा तपासता येतील. अजून नाव न मिळालेल्या तुकड्यांपैकी बरेचसे धरणाच्या वरच्या ओढ्यांतील आहेत. तेथील गावांशी बोलणे झाले असून येत्या चढणीच्या वेळी परांचे नमुने आधी त्या ओढ्यांवरून घ्यायचे ठरले आहे.